मेणावरचे मणी

फोक्सवागनच्या जुन्या, कुबडी ‘बीटल’ गाडीला मेक्सिकोत लाडाने ‘वोचो’ म्हणतात. ही गाडी बाकी जगाने सोडून दिल्यावरही मेक्सिकोत बनत राहिली. शेवटची गाडी २००३ साली पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. मेक्सिको सिटीतल्या लोककला संग्रहालयाने २०१० साली १९९०चा एक वोचो आठ कारागिरांच्या हवाली केला. हालिस्को आणि नायारित या राज्यांतल्या, विचोल जमातीच्या दोन कुटुंबांतली ही माणसे. सात महिन्यांनी काम संपले तेव्हा गाडीचा पत्रा दिसेनासा झाला होता. बॉनेटवर पाऊस आणणारे दोन साप, टपावर सूर्य आणि गरुड, दारांवर हरणे आणि विंचू, आणि सगळे काचेच्या मण्यांचे. वोचो आणि विचोल मिळून तिचे नाव पडले ‘वोचोल’.

मणी किती? २२ लाख ७७ हजार. हा आकडा सांगितल्याशिवाय या गाडीबद्दल कुणी बोलत नाही आणि तो सांगून झाला की बहुतेकांचे बोलणेही संपते. मला ही मोजदाद अपुरी वाटते. चिकाटीचे कौतुक करावेच, पण चिकाटी कशासाठी, हे त्यात राहून जाते.

विचोल हे स्पॅनिश वळणाचे नाव. ही माणसे स्वतःला विरारिका म्हणवतात. पश्चिम सिएरा माद्रेच्या दुर्गम डोंगररांगांत त्यांची वस्ती. तिथे मणीकामाचे मूळ रूप गाडी नव्हे, बाजारात विकले जाणारे जग्वारचे मुंडकेही नव्हे, तर भोपळ्याचा वाडगा. वाळवलेला भोपळा कापून केलेल्या या वाडग्याच्या आत मेणाचा थर देऊन मण्यांनी हरीण, मका, सूर्य काढायचे आणि तो झऱ्यापाशी, गुहेत किंवा देवळात ठेवायचा. देव त्यातून पितात आणि पिता पिता मागणे समजून घेतात, अशी श्रद्धा. पाऊस हवा असेल तर पावसाची खूण, मूल हवे असेल तर मुलाची. म्हणजे वाडगा हा देवाला घातलेला अर्जच. देवळाच्या कारभारात तर एकेका पूर्वज-दैवताचा वाडगा एकेका माणसाकडे सोपवतात आणि त्याने तो पाच वर्षे सांभाळायचा असतो.

कार्ल लुमहोल्ट्स हा नॉर्वेजियन प्रवासी १८९०च्या दशकात या डोंगरांत राहिला. त्याने असे वाडगे, बाण आणि इतर नवसाच्या वस्तू गोळा केल्या, त्यांतल्या खुणांचे अर्थ विचारून घेतले आणि १९०० साली त्यावर ग्रंथ छापला. त्याने जमवलेला संग्रह न्यू यॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात गेला. देवाच्या नावचे अर्ज काचेच्या कपाटात जायला तेव्हापासून सुरुवात झाली म्हणायची.

आता कृती. आपल्याकडे मणी म्हटला की तो ओवायचा, मग ते तोरण असो की मंगळसूत्र. भोक हे दोऱ्यासाठीच. विरारिका लोकही दोऱ्यात ओवून कडी-कंठे करतात, पण वाडग्यात दोरा नसतो. मधमाशीचे मेण आणि पाइनची राळ एकत्र करून, उन्हात किंवा हाताच्या उबेने मऊ करून, त्याचा पातळ थर अंगठ्याने पसरतात. मग सुईच्या टोकावर एकेक मणी उचलायचा आणि भोक वर ठेवून मेणात दाबायचा. दाब कमी पडला तर मणी निखळतो. जास्त पडला तर बुडतो आणि शेजाऱ्यालाही ढकलतो. सगळ्या मण्यांची पातळी एक राहिली तरच उजेड एकसारखा खेळतो. कागदावर आधी नक्षी काढायची पद्धत नाही. आकृतीची कड मण्यांच्या एकेरी ओळीने आखतात आणि मग पोट भरतात. वक्र पृष्ठावर ओळी सरळ चालत नाहीत, कुठे तरी एक मणी गाळावा लागतो, कुठे अर्धी ओळ घुसवावी लागते. जग्वारच्या जबड्यापाशी हाताची खरी परीक्षा. मेणाला ऊन सोसत नाही, म्हणून वोचोलसाठी मेण सोडून कृत्रिम राळ वापरावी लागली.

आणि ज्याला अस्सल, प्राचीन वगैरे म्हणून विकतात त्यातला मणी मात्र परदेशी. स्पॅनिश येण्याआधी इथे हाड, शिंपला, माती, बिया, पिरोजा यांचे मणी होते. काचमणी व्यापारातून आला. पुढे बोहेमियातल्या याब्लोनेत्सचा माल चालू लागला, आता जपानचाही चालतो. काचेची पोकळ नळी लांब ओढायची, तिचे तुकडे करायचे, ते पुन्हा तापवून कडा गुळगुळीत करायच्या, अशी ही कारखानदारी. आकाराचा आकडा जितका मोठा तितका मणी बारीक. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा. यात मला काही खोट दिसत नाही. सुई बाहेरची, काच बाहेरची, पण कोणत्या हरणाच्या शिंगातून कोणते फूल निघायचे, ते सांगणारे घरचेच.

ते हरीण निळे असते. हरीण, मका आणि पेयोटे हे तिन्ही विरारिकांच्या लेखी वेगळे नाहीत. पेयोटे म्हणजे बिनकाट्याचे छोटे निवडुंग, ते खाल्ले की डोळ्यांपुढे रंग आणि आकृत्या उभ्या राहतात. ते त्यांच्या डोंगरात उगवत नाही. त्यासाठी पूर्वेला सान लुइस पोतोसी राज्यातल्या विरिकुता वाळवंटात यात्रा करायची, वाटेत थांबे घेत, वाडगे आणि बाण अर्पण करत. हा मार्ग पाचशे किलोमीटरहून लांब आहे. मणीकामातले लखलखते, एकमेकांत मिसळणारे रंग कुठून येतात, हे कारागीर या यात्रेकडे बोट दाखवून सांगतात. विरिकुतात चांदीच्या खाणीचे परवाने दिले गेले तेव्हा विरारिका रस्त्यावर आणि न्यायालयात उतरले ते यामुळेच. २०२५ साली युनेस्कोने हा यात्रामार्ग जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी बाजार आला आणि वाडग्यांच्या जोडीला मुखवटे, प्राणी, कवट्या, गिटारसुद्धा मण्यांनी मढवल्या जाऊ लागल्या. वारली चित्रकलेचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे ओळखीचे वाटेल. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची कला जिव्या सोमा मशे यांच्या हातून कागदावर आली, गाजली आणि मग चहाच्या कपांवर, पडद्यांवर पसरली. दोन्हीकडे पोट भरले, हे विसरून हळहळणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण नुसतेच कौतुक करणाऱ्यांशीही नाही. सांतोस दे ला तोर्रे या विरारिका कलावंताचे मण्यांचे मोठे भित्तिचित्र १९९७ पासून पॅरिसच्या लूव्ह्र मेट्रो स्थानकात आहे. मेक्सिकोची फ्रान्सला भेट म्हणून ते गेले. त्याच्यासमोरून रोज हजारो माणसे जातात. कलावंत मात्र डोंगरात जवळपास विस्मरणात राहिला आणि २०१४ साली निकोलास एचेवार्रिया यांनी त्याच्यावर माहितीपट केला तेव्हा कुठे पुन्हा चर्चेत आला.

२०२२ साली मेक्सिकोने आदिवासी समूहांच्या सांस्कृतिक वारशासाठी कायदा केला. समूहाच्या संमतीशिवाय त्यांची नक्षी धंद्यासाठी उचलणे आता गुन्हा ठरू शकते. मोठ्या फॅशन कंपन्यांना याचा धाक बसेलही. पण किनाऱ्यावरच्या पर्यटनगावांत एखादी विरारिका बाई मांडीवर लाकडी जग्वार घेऊन मणी दाबत बसते, तिला गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो किमतीचा आणि दुसरा, किती मणी लागले याचा. जग्वारच्या कपाळावर हरीण का आहे, हे विचारणारा भेटला तर ती सांगते, आणि त्याला वेळ लागतो.