चेल्सीचा सौदा : किंमत आणि अटी

लंडनच्या चेल्सी फुटबॉल क्लबचे रशियन मालक रोमन अब्रामोविच यांनी २ मार्च २०२२ रोजी क्लब विकण्याचे जाहीर केले आणि आठच दिवसांनी, युक्रेन युद्धामुळे, ब्रिटिश सरकारने त्यांची मालमत्ता गोठवली. म्हणजे ती मालमत्ता विकण्याचा वा तिच्यातून पैसा काढण्याचा त्यांचा अधिकार थांबवला. क्लबला सामने खेळता यावेत म्हणून विशेष परवाना मिळाला खरा, परंतु त्याची मुदत ३१ मे रोजी संपत असल्याने विक्री त्याआधीच उरकणे भाग होते.

एरवी अशा वाटाघाटींचा सारा जोर किमतीवर असतो. इथे मात्र विक्रेत्याच्या हाती एक पैसाही पडणार नव्हता, त्यामुळे नवा मालक क्लबचे पुढे काय करणार, हा खरोखर महत्त्वाचा प्रश्न घासाघिशीच्या केंद्रस्थानी आला. विक्रीची सूत्रे सांभाळणाऱ्या रेन ग्रुप या गुंतवणूक-बँकेने बोली मागवल्या आणि निवडक इच्छुकांना हिशेब, करार व देणी तपासू दिली. इच्छुकांपैकी समर्थकांचा उघड विरोध ओढवलेले अमेरिकी रिकेट्स कुटुंब एप्रिलमध्ये बाहेर पडले, तर मुदत उलटल्यावर आलेली ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांची ४२५ कोटी पौंडांची बोली स्वीकारली गेली नाही.

अमेरिकी गुंतवणूकदार टॉड बोएली आणि क्लिअरलेक कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी यांच्या गटाशी झालेला करारही ४२५ कोटींचाच होता. त्यांपैकी २५० कोटी समभागांसाठी होते आणि उरलेले १७५ कोटी मैदान, युवा अकादमी व महिला संघ यांवर खर्च करण्याचे वचन होते. शिवाय दहा वर्षे लाभांश न घेण्याची, म्हणजे नफा मालकांनी वाटून न घेण्याची अट होती, आणि तीच या सौद्यातील सर्वांत मोलाची मानली पाहिजे.

सर्वांत अवघड गाठ कर्जाची होती. क्लबची पालक कंपनी अब्रामोविच यांचे सुमारे १५० कोटी पौंड देणे लागत होती आणि त्यातील काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही, याची खात्री पटल्याशिवाय सरकार परवानगी देणार नव्हते. प्रीमियर लीगनेही नव्या मालकांची पात्रता तपासली. अखेर ३० मे रोजी व्यवहार पूर्ण झाला. विक्रीचे पैसे मात्र गोठवलेल्या खात्यात पुढे वर्षानुवर्षे पडून राहिले.

स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाची जमीन आणि क्लबच्या नावाचा हक्क या सौद्यात कुणालाच मिळाला नाही, कारण हे दोन्ही ‘चेल्सी पिच ओनर्स’ या समर्थक-भागधारकांच्या कंपनीकडे आहेत. ती जमीन परत घेण्याचा क्लबचा प्रस्ताव २०११ मध्ये आवश्यक ७५ टक्के मतांअभावी फेटाळला गेला होता.