पाठीवर बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. असेच बिऱ्हाड पाठीवर घेऊन हौसेने डोंगर तुडवणारी माणसे असतात. आज आम्ही तुम्हांला त्यांच्या एका वाटेची माहिती सांगणार आहोत.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. डोंगर, तळी आणि पाऊस यांचा हा मुलूख. तेथे वेस्ट हायलँड वे नावाची पाऊलवाट आहे. ती १९८० साली खुली झाली. लांबी १५४ किलोमीटर. ग्लासगो शहराजवळच्या मिलगाय गावी ती सुरू होते आणि फोर्ट विल्यम गावी संपते. चालायला सात-आठ दिवस लागतात.

आधी लॉख लोमंड हे मोठे तळे लागते. वाट त्याच्या काठाकाठाने जाते. पुढे रॅनॉख मूर हे दलदलीचे माळरान येते. तेथे आडोसा मिळणे कठीण. मग सैतानाचा जिना नावाची चढण लागते. वाटेतली सर्वांत उंच जागा ती हीच. शेवटी बेन नेव्हिस डोंगर दिसतो. त्याची उंची १,३४५ मीटर. ब्रिटनमध्ये याहून उंच डोंगर नाही.

तुम्ही म्हणाल, आपले कळसूबाई तर १,६४६ मीटर उंच. मग यात भ्यायचे काय? अहो, भ्यायचे ते तिथल्या हवेला! सकाळी ऊन असते, दुपारी धुके उतरते. चार पावलांवरचे दिसत नाही. अंगावरचे कपडे भिजले आणि वारा सुटला, की उन्हाळ्यातही माणूस गारठतो.

म्हणून नवखे लोक वाटाड्या बरोबर घेतात. वाटाड्या रोज सकाळी हवेचा अंदाज पाहतो. प्रत्येकाच्या पिशवीत गरम कपडे, रेनकोट, खाणे, पाणी आणि शिट्टी आहे ना, हे पाहतो. नकाशा आणि होकायंत्र त्याच्याजवळ असते. कोणी अडकलाच, तर त्याने मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा वाजवायची. ही मदतीची हाक.

हाक ऐकून धावते कोण? आसपासच्या गावांतलीच माणसे. आपापली कामे टाकून ती रात्री-अपरात्री डोंगरात शोधायला जातात. त्याचा एक पैसा घेत नाहीत. म्हणून वाटाड्या 'मागे फिरा' म्हणाला, तर मुकाट्याने फिरावे. आपल्या हट्टापायी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू नये.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ही वाट पुष्कळ ठिकाणी लोकांच्या खाजगी जमिनीतून जाते. मग मालक अडवत कसा नाही? स्कॉटलंडमध्ये २००३ साली कायदा झाला. बहुतेक मोकळ्या जमिनीवरून पायी जाण्याचा हक्क त्याने सर्वांना दिला. पण हक्काबरोबर जबाबदारीही आली, बरं का! उभे पीक तुडवायचे नाही. घराच्या अंगणात शिरायचे नाही. कुंपणाचे दार उघडले, तर आठवणीने लावायचे. नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. वसंतात मेंढ्या वितात. तेव्हा कोकरांच्या रानात कुत्रे न्यायचे नाही. कचरा आपल्याच पिशवीत परत आणायचा.

चालणाऱ्याला वाट मिळाली आणि शेतकऱ्याचे नुकसानही टळले. वाट मोकळी आहे, पण मोकाट नाही. आपल्या गावातही बांधावरच्या वाटेवरून भांडणे होतात. तेव्हा ही गोष्ट आठवावी.