खोल समुद्रातले मासे खातात तरी काय?

ऊन नाही तेथे पीक नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. समुद्रातही नियम तोच. सुमारे २०० मीटरच्या खाली उजेड इतका मंदावतो की हिरवी वनस्पती तग धरीत नाही. १००० मीटरच्या खाली तर बारमाही अमावास्या! मग तेथल्या माशांचे पोट कसे भरते?

मुख्यतः वरून पडणाऱ्या उष्ट्यावर. वरच्या पाण्यात उन्हावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, बारीक जीव त्या खातात. या सर्वांची विष्ठा व मृत शरीरे यांचे कण एकमेकांना चिकटून भुरभुर खाली येत राहतात. शास्त्रज्ञ यास 'सागरी हिम' म्हणतात. तळ गाठायला त्याला आठवडे लागतात आणि वाटेतच बरेचसे खाल्ले जाते. एकूण ही वस्ती कोरडवाहूच!

दुष्काळी मुलखात जो तो आपापली युक्ती काढतो. बोटाएवढा कंदीलमासा दिवसा खोल दडतो, तिन्हीसांजेला चरायला वर येतो आणि पहाटे परततो. आपल्या अरबी समुद्रात तो विपुल आहे. दुसऱ्या महायुद्धात ध्वनिलहरींनी खोली मोजताना अशा जिवांच्या दाट थरांमुळे मध्येच तळ लागल्याचा भास होई. रानात चरून गोठ्यात शेण टाकणाऱ्या गुरांप्रमाणे हा मासा वरचे अन्न खाली पोहोचवतो.

दुसऱ्या एका माशाच्या मादीच्या कपाळावर गळासारखा दांडा असतो. त्याच्या टोकाला प्रकाश देणारे जिवाणू राहतात. उजेडाला भुलून भक्ष्य आले की गट्टम! तिपाई मासा लांब परांच्या काड्यांवर तळाशी उभा राहून प्रवाहाबरोबर येणारे किडे टिपतो. देवमासा मरून तळाशी पडला, की जबडा नसलेले हॅगफिश त्यावर तुटून पडतात.

मिळेल तेव्हा खाऊन घेण्याची हाव अंगाशीही येते. २००७ साली कॅरिबियन समुद्रातील केमन बेटाजवळ १९ सेंटिमीटरचा एक मासा मेलेला सापडला. त्याच्या पोटात ८६ सेंटिमीटर लांबीचा मासा होता! तो पचण्याआधीच कुजला, वायू धरला आणि खाणारा तरंगत वर आला.

आता आपल्याशी संबंध. ओमानच्या आखातात कंदीलमासे पकडून त्यांची भुकटी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. अशी भुकटी कोंबड्यांच्या खाद्यात चालते. पण कुपा व माकुल यांचे खाद्यही हाच मासा. बेसुमार उपसा झाला तर ती साखळी तुटेल. शिवाय पॅसिफिक महासागरातील कंदीलमाशांच्या पोटात प्लॅस्टिकचे तुकडे सापडले आहेत. खालच्यांना वरून पडेल तेच खावे लागते.

तेव्हा खताच्या व बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या बांधावर वा ओढ्यात टाकू नका. ओढा नदीला मिळतो आणि नदी समुद्राला.