नखप्रसाधनाचे प्राथमिक प्रशिक्षण : गृहअध्ययन की वर्गशिक्षण?

प्रस्तावना

नखांची निगा, रंगकाम आणि कृत्रिम नखे बसविणे हा व्यवसाय गेल्या दोन दशकांत ब्युटी पार्लरच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडून स्वतंत्र झाला आहे. 'नेल आर्ट', 'जेल', 'एक्स्टेन्शन' या शब्दांच्या पाट्या आता जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसतात. या व्यवसायात नव्याने येऊ पाहणाऱ्या मुलीपुढे दोन वाटा असतात. घरी किट मागवून पुस्तिका व चित्रफितींच्या आधारे शिकणे ही एक, आणि शुल्क भरून एखाद्या क्लासमध्ये प्रत्यक्ष शिक्षिकेसमोर बसून शिकणे ही दुसरी. कोणती वाट योग्य, या प्रश्नाची चर्चा बहुधा खर्च आणि सोय या दोनच अंगांनी होते. ती अंगे खरी आहेत. ज्या मुलीला घरातून बाहेर पडण्याची परवानगी नाही, जिला लहान मूल आहे किंवा जिच्या गावाहून क्लास दोन तासांच्या अंतरावर आहे, तिच्यासाठी गृहअध्ययन हा पर्याय नसून एकमेव मार्ग असतो. तथापि, प्रश्नाचे मूळ अध्यापनशास्त्रात आहे. या कौशल्यातील कोणता भाग वाचून येतो, कोणता पाहून येतो आणि कोणता चुकल्यानंतर कोणीतरी हात धरल्याशिवाय येत नाही, हे ठरविल्यावाचून दोन पद्धतींची तुलना व्यर्थ आहे. प्रस्तुत लेखात हाच विचार केला आहे.

कौशल्याचे स्वरूप

नखपट्ट म्हणजे केराटिनचे मृत थर. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख येण्यास सहा महिने लागतात. हा आकडा वरवर निरुपद्रवी वाटतो. नवशिक्या हाताने कानस जोरात चालवून नखपट्ट पातळ केला, तर ती इजा भरून निघण्यास जवळपास अर्धे वर्ष जाते, असा त्याचा अर्थ आहे. केस वेडेवाकडे कापले गेले तर लाज वाटते. नख घासले गेले तर दुखते, आणि त्याखाली जंतूंना वाट मिळते.

अ‍ॅक्रिलिक पद्धतीत द्रव एकवारिक आणि बहुवारिकाची पूड कुंचल्याच्या टोकावर एकत्र येऊन एक थेंबवजा गोळी बनते. गोळी अधिक ओली झाली तर ती कडेच्या त्वचेवर ओघळते, कोरडी झाली तर नखाला नीट धरत नाही. जेल पद्धतीत मिश्रण तयार मिळते. ते अतिनील दिव्याखाली घट्ट होते. आपल्याकडील पार्लरमध्ये यासाठी सर्रास 'जेल सुकली' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग चुकीचा आहे, आणि ही चूक केवळ भाषिक नाही. नेलपॉलिशमधील द्रावक उडून गेल्यामुळे ती सुकते. जेलमध्ये मात्र बहुवारिकीकरणाची रासायनिक क्रिया घडते. ती अपुरी राहिली तरी पृष्ठभाग टणक दिसू शकतो व आतील अक्रियित रेणू त्वचेच्या संपर्कात येत राहतात. दिवा एका कंपनीचा आणि जेल दुसऱ्या कंपनीची, असे घरगुती किटमध्ये हमखास घडते. त्यातून हा दोष निर्माण होण्याचा संभव असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

या अदृश्य दोषाचे परिणाम गंभीर आहेत. मेथॅक्रिलेट गटातील रसायनांची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते. याच गटातील द्रव्ये दातांच्या भरावात, सांधेरोपणाच्या सिमेंटमध्ये आणि मधुमेहींच्या काही उपकरणांच्या चिकटद्रव्यातही असतात. त्यामुळे नखांसाठी विशीत पत्करलेली अ‍ॅलर्जी साठीत शस्त्रक्रियेच्या वेळी आडवी येऊ शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला, आणि त्यात घरगुती किटचा विशेष उल्लेख होता. युरोपीय संघाने २०२० च्या नियमाद्वारे हेमा हे द्रव्य असलेली नखप्रसाधने केवळ व्यावसायिक वापरापुरती मर्यादित केली, तर टीपीओ या प्रकाशउद्दीपक द्रव्यावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. त्याही आधी, १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत मिथाइल मेथॅक्रिलेटच्या द्रवामुळे इजा झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि तेथील अन्न व औषध प्रशासनाने न्यायालयीन मार्गाने अशा उत्पादनांविरुद्ध कारवाई केली होती.

गृहअध्ययनाचे बलस्थान आणि मर्यादा

वरील सर्व ज्ञान पुस्तकी आहे, हे येथे आवर्जून नोंदवावे लागते. नखाची रचना, रसायनांचे गुणधर्म, स्वच्छता, निर्जंतुकीकरण आणि या दोहोंतील फरक, कोणत्या नखाला हात न लावता डॉक्टरांकडे पाठवावे याचे निकष, हे सारे घरी बसून शांतपणे वाचून समजते. किंबहुना ते घरीच अधिक चांगले समजते. अनेक क्लासमध्ये हा भाग पहिल्या दिवशी तासाभरात उरकला जातो किंवा वहीत उतरवून घेण्यास सांगितला जातो, आणि ज्या शिक्षिका स्वतः 'सुकणे' हाच शब्द वापरतात त्यांच्याकडून तो नीट शिकविला जाण्याची आशाही धरता येत नाही. वर्गात शिक्षण झाले म्हणजे ते शास्त्रशुद्ध झाले, हे गृहीतक त्यामुळेच तपासून घेतले पाहिजे.

गृहअध्ययनाची खरी अडचण हाताच्या कामात येते. घरी शिकणारी मुलगी सराव कोणावर करते? बहुधा स्वतःच्याच डाव्या हातावर. तिला ते नख जसे दिसते, तसे समोर बसलेल्या ग्राहकाचे नख कधीच दिसत नाही; दिशा उलटी असते आणि हात धरण्याची रीतही वेगळी असते. स्वतःचा उजवा हात रंगविण्याची वेळ आली की काम डाव्या हाताने करावे लागते, ज्याचा व्यवसायात उपयोग नाही. शिवाय शिकाऊ हाताकडून रसायन त्वचेवर वारंवार सांडते, ते तिच्याच त्वचेवर. म्हणजे सरावाचे तास जितके वाढतात, तितका अ‍ॅलर्जीचा धोकाही तिच्याच वाट्याला येतो. प्लॅस्टिकच्या हातावर सराव केला तर हा धोका टळतो, पण प्लॅस्टिकला दुखत नाही. जेल जाड थरात लावल्यास दिव्याखाली एकदम उष्णता निर्माण होते. जिवंत माणूस चटका बसून हात मागे घेतो, प्लॅस्टिकचा हात जागचा हलत नाही.

कौशल्यसंपादनाविषयी फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये मांडलेली तीन अवस्थांची उपपत्ती येथे उपयोगी पडते. शिकणारा प्रथम काय करायचे ते समजून घेतो, मग हालचालींची सांगड घालतो आणि शेवटी ते काम विचार न करता होऊ लागते. गृहअध्ययन पहिल्या अवस्थेपर्यंत उत्तम साथ देते. दुसऱ्या अवस्थेत चूक दाखविणारे कोणी नसेल, तर ती चूकच तिसऱ्या अवस्थेत जाऊन मुरते. विद्युत कानशीचा कोन चुकल्याने नखाच्या मुळाशी पडणारी तांबडी कड हे त्याचे ठळक उदाहरण होय. चित्रफितीत कोन दिसतो, दाब दिसत नाही.

वर्गशिक्षणाचे तास

अमेरिकेत या व्यवसायासाठी राज्यागणिक परवाना लागतो आणि प्रशिक्षणाचे तास कायद्याने ठरलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये २५०, कॅलिफोर्नियात ४००, तर टेक्सासमध्ये ६०० तास. एकच नख आणि एकच रसायन असताना हा आकडा दुपटीहून अधिक बदलावा, यावरून तासांची संख्या ही गुणवत्तेची मोजपट्टी म्हणून किती कच्ची आहे ते कळते. उलट इंग्लंडमध्ये नखप्रसाधकाच्या वैयक्तिक कौशल्यासाठी देशव्यापी सक्तीचा परवाना नाही. गृहअध्ययनाच्या अभ्यासक्रमांना तेथे जी मोकळीक मिळाली, तिचे एक कारण हेच.

वर्ग विरुद्ध घर या द्वंद्वात एक तिसरी वाट मात्र विसरली जाते. १९७५ मध्ये सायगावच्या पाडावानंतर कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोजवळच्या छावणीत आलेल्या वीस व्हिएतनामी स्त्रियांना अभिनेत्री टिपी हेड्रन यांच्या पुढाकाराने हे काम शिकविले गेले. हेड्रन यांची स्वतःची नखप्रसाधिका तेथे शिकविण्यास येई. पुढे या स्त्रिया स्थानिक ब्युटी कॉलेजात शिकून परवानाधारक झाल्या. त्यानंतर बहिणी, भाच्या, शेजारणी एकमेकींच्या दुकानांत शिकत गेल्या, आणि आज अमेरिकेतील या व्यवसायात व्हिएतनामी वंशाच्या लोकांचा वाटा फार मोठा आहे. वर्ग होता, परंतु विस्तार झाला तो हाताखाली शिकण्यातून. लेव्ह आणि वेंगर यांनी १९९१ च्या ग्रंथात लायबेरियातील शिंप्यांविषयी जे नोंदविले आहे, ते यास जुळणारे आहे. तेथील शिकाऊ मुलगा आधी कपड्याचे शेवटचे काम शिकतो, मग शिवण आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. जिथे चूक स्वस्त पडते तिथून सुरुवात, जिथे ती महाग पडते तिथे शेवट. नखांच्या कामातही जुनी पॉलिश काढणे, हात धुणे, साधने निर्जंतुक करणे येथून आरंभ करणारी मुलगी कानस हाती येईपर्यंत शेकडो नखे पाहिलेली असते. क्लासमध्ये नेमके उलटे घडते. तिसऱ्याच दिवशी एक्स्टेन्शन शिकवितात, कारण शुल्क त्यासाठीच भरलेले असते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

कामगारांसाठीच्या पहिल्या श्रमिक विद्यापीठाची स्थापना मुंबईत १९६७ मध्ये झाली. त्याच योजनेची आजची जन शिक्षण संस्थाने ब्युटी पार्लरच्या कामाचे अल्प शुल्कात शिक्षण देतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही सौंदर्यप्रसाधनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्या मानाने नखांचे स्वतंत्र काम अद्याप खासगी क्लासच्याच हाती राहिले आहे, आणि तेथे मिळणारे प्रमाणपत्र कोणत्या परीक्षेवर आधारलेले आहे, हे पालक फारसे विचारत नाहीत. घरी शिकलेल्या मुलीसाठी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतील पूर्वज्ञान-मान्यतेची तरतूद हा एक मार्ग आहे; तेथे ती कोठे शिकली याऐवजी तिला काय येते, हे पाहिले जाते.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीमुळे हा विषय महाविद्यालयांच्या दारातही आला आहे. व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रमाच्या दोन श्रेयांकांना प्रात्यक्षिकाचे साठ तास मिळतात. न्यूयॉर्कच्या किमान तासांच्या ते चौथ्या हिश्शाहूनही कमी आहेत. त्यामुळे या तासांत नखाची रचना फळ्यावर काढून दाखविणे ही उधळपट्टी ठरेल. दूरशिक्षणात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांनी रूढ केलेली स्वयंअध्ययन पुस्तिका आणि संपर्कसत्र यांची विभागणी येथे जशीच्या तशी वापरता येते. रसायने, स्वच्छता आणि नखांचे विकार हा भाग मराठी पुस्तिकेतून घरी. त्यावर लेखी चाचणी, आणि ती उत्तीर्ण झाल्याखेरीज जेलच्या बाटलीला हात नाही. साठही तास मग दुसऱ्याच्या हातावरील कामासाठी मोकळे राहतात. एका शिक्षिकेमागे विद्यार्थिनी किती असाव्यात, हे पटसंख्येच्या सोयीने ठरविता येणार नाही. कानस चालू असताना शिक्षिकेची नजर ज्या टेबलावर नाही, तेथे घरचीच परिस्थिती असते. साहित्य खरेदीच्या निविदेत दिवा आणि जेल एकाच उत्पादकाचे असावेत, तसेच नायट्राइलचे हातमोजे सरावाच्या साहित्यातच धरलेले असावेत, अशी अट घालावी लागेल. अंतिम परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने घ्यावी. तीत विद्यार्थिनीपुढे अनोळखी व्यक्तीचा हात असावा, आणि त्या दहा नखांत एक असे असावे, ज्यावर काम करण्यास तिने नकार देणे अपेक्षित आहे.