भयपटाची टिपणवही

चित्रपट पाहून आल्यावर चार ओळी टिपून ठेवणे, हा अल्प खर्चाचा पण बुद्धीला धार लावणारा छंद होय. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा भयपट २०१८ साली आला, तेव्हा त्यास गर्दी बेताचीच झाली. २०२४ मध्ये तोच पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमवून गेला. चित्रपट तोच होता! म्हणून वाचकहो, गल्ल्याचे आकडे कानी येण्यापूर्वीच आपले मत लिहावे. भय कशातून उपजले, हे प्रथम नोंदवावे. 'तुंबाड'मध्ये हस्तरचे अक्राळविक्राळ रूप दचकवते खरे. परंतु विनायकाचा सुवर्णमुद्रांचा हव्यास त्याच्या कोवळ्या मुलातही उतरलेला दिसतो, तेव्हा पालक म्हणून आपण अधिक अस्वस्थ होतो.