विश्लेषण : कुटुंब नियोजन म्हणजे फक्त ‘ऑपरेशन’ का नव्हे?

पहिले मूल सहा महिन्यांचे. दुसरे हवे, पण इतक्यात नको. अशा जोडप्याला शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. गरज असते पाळणा लांबवण्याची. नाशिक शहर असो की सुरगाणा, पेठचे पाडे, त्यासाठीची साधने सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. मात्र त्यांची नीट माहिती वेळेत मिळणे महत्त्वाचे ठरते.

भार कोणावर?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार राज्यातील सुमारे ४९ टक्के विवाहित महिलांची नसबंदी झाली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

तात्पुरते पर्याय कोणते?
निरोध, ‘माला-एन’ गोळ्या आणि तांबी हे जुने पर्याय आहेत. ‘कॉपर टी ३८०ए’ १० वर्षे चालते, हवी तेव्हा काढता येते आणि प्रसूतीनंतर ४८ तासांतही बसवता येते. २०१७ मध्ये ‘अंतरा’ आणि ‘छाया’ यांची भर पडली. ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे. ‘छाया’ ही हार्मोनविरहित गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची असते. स्तनदा मातांनाही ती चालते.

इंजेक्शन मध्येच का सुटते?
‘अंतरा’मुळे पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. हे आधी सांगितले नाही, तर महिला घाबरून पुढचा डोस टाळतात. इंजेक्शन बंद केल्यावर गर्भधारणेस काही महिने लागू शकतात, हेही आधीच सांगायला हवे. म्हणूनच साधनाइतकेच समुपदेशन गरजेचे आहे.

सल्ला कुठे मिळेल?
गावात आशाताई, उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र. शहरात महापालिकेची आरोग्य केंद्रे आणि जिल्हा रुग्णालय. निरोध व गोळ्या आशाताईंकडे मिळतात. ‘अंतरा’चा पहिला डोस मात्र डॉक्टरांच्या तपासणीनंतरच दिला जातो.

पतीची संमती लागते का?
नाही. नसबंदीसाठीही पतीची सही बंधनकारक नाही. महिलेची स्वतःची संमती पुरेशी असते.

पुरुषांनी काय करावे?
बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. मुले पुरेशी झाली असतील, तर महिलेच्या शस्त्रक्रियेआधी या सोप्या पर्यायाचाही घरात विचार व्हायला हवा.