रेशनचा गहू, गळणारे केस आणि पेशीतला हमाल

डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात अनेक गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडे. पुढे काहींची नखेही गेली. पाणी, शाम्पू, बुरशी, सगळ्यांवर संशय आला. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनचा गहू आणि रुग्णांचे नमुने तपासून सांगितले, की गव्हात सेलेनियम फार आहे. सिल्लोडहून बुलढाणा लांब नाही आणि रेशनचा गहू आपल्याही चुलीवर शिजतो. म्हणून हे समजून घेऊ.

सेलेनियम मुळात विष नाही. मोठ्या माणसाला ते रोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाएवढे, लागते. रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले तर धोका. थायरॉईडचे काम नीट चालवणारी काही प्रथिने सेलेनियमवरच चालतात. माणसात अशी २५ प्रथिने आहेत.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मणी वाहून आणणारा हमाल म्हणजे टीआरएनए. बाकीचे मणी तयार असतात, हमाल ते फक्त उचलतो. सेलेनोसिस्टीन हा २१ वा मणी मात्र हमालाच्या पाठीवरच घडतो. आधी सेरीन नावाचा मणी चढतो. एक एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडते. दुसरे एन्झाइम ते काढून तिथे सेलेनियम बसवते.

योग्य हमाल ओळखायचा कसा? आकारावरून. साधा टीआरएनए सुमारे ७६ अक्षरांचा, हा ९० चा. साध्याच्या हाताला १२ पायऱ्या, याच्या हाताला १३. सेलेनियम बसवणारे एन्झाइम हा लांब हातच पकडते, त्यामुळे सेरीनच्या साध्या हमालावर सेलेनियम चढत नाही. माळेत हा मणी ‘यूजीए’ या खुणेवर बसतो. एरवी या खुणेचा अर्थ ‘थांबा’. पण संदेशाच्या शेपटाला खास घडी असेल, तरच इथे न थांबता मणी ओवला जातो.

म्हणजे या दाराला राखणदार आहे. पण गव्हातले सेलेनियम बहुतेक सेलेनोमेथिओनिनच्या रूपात असते. ते मेथिओनिन या साध्या मण्यासारखेच दिसते. त्याचा हमाल फसतो आणि ते कुठल्याही प्रथिनात शिरते. हे दार उघडेच! त्यातून जास्तीचे सेलेनियम अंगात साठते. केस-नखांची मजबुती गंधकाच्या सांध्यांवर असते आणि सेलेनियम हे गंधकाचे भावंड. म्हणून पहिला घाव तिथे पडतो, असे मानतात.

मग आपण काय करायचे? एकाच गल्लीत अनेकांचे केस गळू लागले, नखे तुटू लागली, श्वासाला लसणासारखा वास आला, तर आशाताईंना लगेच कळवा आणि सरकारी दवाखाना गाठा. घरातला थोडा गहू स्वच्छ पिशवीत जपून ठेवा. सेलेनियमच्या गोळ्या मनाने घेऊ नका. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून कोणाला वाळीत टाकू नका, मुलीचे लग्न मोडू नका. रेशन सोडू नका, तो आपला हक्क आहे. गहू तपासून द्या, खराब असेल तर बदलून द्या, अशी लेखी मागणी सगळ्यांनी मिळून करू. खाणे बदलले की केस बहुधा परत येतात. तपासणीचा हक्क मात्र मागितल्याशिवाय येत नाही.